पाठमोरी नवसाबाई

माणूस थांबत नाही, ही छायाची पहिली तक्रार होती, आणि ती तिनं देवरे सरांपुढं अगदी रडवेल्या आवाजात केली.

एक्क्याण्णव साल असावं. छाया ही मखमलाबादच्या पुंजाराम माळ्याची थोरली लेक. बारावीनंतर घरच्यांनी तिला नाशकात चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला घातलं. घातलं म्हणजे काय, तर पोरगी रुसून धड जेवेना, तेव्हा पुंजाराम म्हणाला, "जाऊ द्या तिला. नाय तरी मेथीच्या जुड्या बांधताना हिचं ध्यान कुठं असतं?" त्या घरात आधी कुणी चित्र काढलेलं नव्हतं. चित्र म्हणजे कॅलेंडरवरचं आणि कॅलेंडर म्हणजे खतवाल्यानं फुकट दिलेलं, एवढीच त्यांची कलेशी ओळख.

छायाचा हात मात्र चांगला होता. तांब्या, जास्वंद, घडी पडलेलं पातळ, जे समोर ठेवाल ते ती कागदावर जसंच्या तसं उतरवायची. पण तांब्या जागचा हलत नाही. देवरे सरांनी पहिल्याच महिन्यात सगळ्या वर्गाला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात धाडलं आणि सांगितलं, माणसं काढून आणा. माणूस जेवढा वेळ एका जागी दिसेल तेवढ्यातच काढायचं, खोडरबर घरी ठेवायचा. छाया दिवसभर पायऱ्यांवर बसली आणि संध्याकाळी अर्ध्यामुर्ध्या बायका घेऊन परत आली. डोळे सुरेख, पापण्या सुरेख, नाकातली चमकीसुद्धा आलेली, आणि गळ्याखाली बाई गायब. पापण्या होईपर्यंत बाई कोथिंबीर घेऊन निघून गेलेली असायची.

"सर, माणसं थांबतच नाहीत," ती म्हणाली.

"मग त्यांना काय धरून ठेवू मी?" सर म्हणाले.

देवरे सर सटाण्याकडचे. उंच, जरासे वाकलेले, बारा महिने काखेत छत्री. एरवी पुस्तकी मराठी बोलायचे, पण एखादं चित्र आवडलं किंवा फारच फसलं की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. शहरातली पोरं मागं त्यांची नक्कल करायची. करोत बापडी. त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस त्या पोरांना पुढं जन्मात भेटला नाही.

त्यांची एक रीत होती. दर शनिवारी व्हरांड्यात सगळ्यांनी आपापले कागद जमिनीवर मांडायचे, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर नदीतले गोटे ठेवायचे आणि चपला काढून भोवती उभं राहायचं. मग प्रत्येकानं दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलायचं. "छान आहे" म्हणायला बंदी. जो म्हणेल त्यानं खाली जाऊन पिण्याच्या पाण्याचा माठ भरून आणायचा. आधी चित्रात जिवंत काय आहे ते बोटानं दाखवायचं. मग खोट सांगायची, पण एकच. दोन सांगितल्या की माणूस दोन्ही विसरतो, असं सरांचं म्हणणं. आणि शेवटी, उद्या काय करून बघायचं ते सांगायचं. नुसती खोट सांगून मोकळं झालेलं सरांना खपायचं नाही. "रोग सांगितला, आता औषध कोण सांगेल, तुझा काका?"

छायाच्या कागदापुढं सर बराच वेळ उकिडवे बसले.

"पापणी भारी शे," ते म्हणाले. "पण ही बाई चालली कुठं? उभी कशावर आहे? चेहऱ्यात अडकलीस की माणूस हातचं गेलं. उद्यापासून चेहरा काढायचाच नाही. डोक्याच्या जागी एक अंडं काढ आणि सोडून दे. आधी पाठीचा कणा, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. चेहऱ्याचं नंतर बघू."

आणि त्यांनी कागदाच्या कडेला, एका कोपऱ्यात, चार रेघांत एक इवलीशी बाई काढून दाखवली. विद्यार्थ्याच्या चित्रावर ते कधी हात फिरवायचे नाहीत. तुझ्या रेघेवर माझी रेघ आली की ते चित्र ना तुझं ना माझं, म्हणायचे.

मग निघता निघता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती छायाच्या मनात घर करून बसली. "पाठमोरं माणूस काढून बघ. हाक मारल्यावर ते वळेल असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं की समज, जमलं."

रोज बाजारात जाऊन बसायचं तर बसभाडं आलं, वेळ आला. पण छायाला कशाला हवा होता बाजार? न थांबणारं माणूस तिच्या घरातच होतं. तिची आई, नवसाबाई.

नवसाबाईचं काय सांगावं! पहाटे उठून पालेभाजी उपटायची, पाटाच्या पाण्यात धुवायची, ओल्या सुतळीनं जुड्या बांधायच्या, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, दुपारी रिकामी टोपली कमरेवर घेऊन परतायचं आणि आल्या पावली झेंडूच्या वाफ्यात वाकायचं. डाव्या कमरेत कायमची उसण भरलेली, म्हणून चालताना ती उजवीकडं जराशी कलायची. बसायची ती फक्त काहीतरी निवडायला, सोलायला किंवा बांधायला. नवरा तिला नावानं कधी हाक मारायचा नाही. त्या पिढीत ती रीतच नव्हती. पुंजारामच्या तोंडी तिचं नाव एकच, "अगं ए!" बाजारात कितीतरी बायका असत आणि कितीतरी नवरे "अगं ए" म्हणून ओरडत, पण पुंजारामच्या हाकेला नवसाबाईच वळायची. वळायची, हातानंच "काय?" विचारायची, आणि पुन्हा कामाला लागायची.

छाया बांधावर पॅड घेऊन बसू लागली. आई वाकली की रेघ, आई उठली की रेघ. सुरुवातीला कागदावर नुसती पोती पडायची. मग पोत्यांना हातपाय फुटले. मग ती उभी राहिली, पण खांबासारखी. दर शनिवारी एक खोट कळायची आणि पुढचा आठवडा त्या एका खोटीपाठी जायचा. वर्गात तृप्ती नावाची गंगापूर रोडची मुलगी होती. बोलायला फटकळ, पण नजर साफ. ती एकदा म्हणाली, "मान जिवंत आहे हिची. खोट अशी की टोपली हवेत आहे, डोक्यावर नाही. तू टोपली उचललीयेस का कधी?" छायानं उचलली नव्हती. माळ्याची लेक, पण आईनं तिला कधी डोक्यावर ओझं घेऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं पालकानं भरलेली ओली टोपली स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि वाफ्यावरून चालून पाहिलं. मान आपोआप आत गेली, पोट घट्ट झालं, पावलं आखूड पडू लागली. मग कागदावरच्या टोपलीलाही वजन आलं. आणि आई रोज हे घेऊन इतक्या लांब चालत जाते, हेही छायाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

नवसाबाईला त्या कागदांचं भारी नवल. सांजेला चुलीपाशी ते उलटेपालटे करून बघायची आणि हसायची.

"आगं, सारी मीच हाय की ही! पण मला तोंड नाय व्हय?"

"आहे की. पुढच्या वर्षी काढते."

"म्हंजे औंदा बिनतोंडाचीच फिरू का काय?"

सगळं घर हसायचं. पुंजाराम तर खोकला लागेपर्यंत हसायचा. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी देवरे सर छायाच्या कागदापाशी थबकले. घाटाच्या पायऱ्या, आणि त्या चढून निघालेली पाठमोरी नवसाबाई. कमरेवर रिकामी टोपली, अंग उजवीकडं कललेलं, पदराचं टोक खोचलेलं. फार तर दहाबारा रेघा असतील. सरांनी काखेतली छत्री भिंतीला टेकवून ठेवली, जी ते कधी ठेवत नसत.

"आते हाक मार," ते हळूच म्हणाले. "हाक मार, वळीसन पाही ती!"

पोरं हसली नाहीत. लगेच सरांनी रिवाजाप्रमाणे एक खोटही सांगितली, खांद्याची काहीतरी, पण ती छायाच्या कानांत शिरलीच नाही.

"सर, आता चेहरा काढू?" तिनं विचारलं.

"अजून नाही. हात असाच चालू दे. चेहरा पुढच्या वर्षी घेऊ."

पुढच्या वर्षी सर निवृत्त होऊन सटाण्याला गेले. त्यांच्या जागी आलेल्या बाई स्वभावानं गोड होत्या, सगळ्यांनाच छान छान म्हणायच्या. व्हरांड्यातले गोटे कुणीतरी कुंडीत टाकून दिले आणि छायाचा चेहऱ्याचा धडा जो राहिला तो राहिलाच. सर सांगतील तेव्हा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सांगणारा निघून गेला आहे हे तिच्या हाताला कुणी कळवलंच नाही. हात आपला अंडं काढून सोडून देत राहिला.

आणि एक संक्रांत आली, तिच्याबद्दल छाया पुढं आयुष्यभर कुणाशी बोलली नाही. नवसाबाई हळदीकुंकवाला जाऊन आली होती. जरीकाठी लुगडं, कपाळभर कुंकू, नाकात तिच्या आईची मोत्याची नथ. ती येऊन ओट्यावर बसली. हातात काही निवडायला नाही, काही सोलायला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसली.

"छाये, आज काढ माझं तोंड. नथ घातलीय बघ."

छायाची परीक्षा तोंडावर आली होती. शिवाय अशी सजून, ताठ बसलेली बाई काढायची म्हणजे पुन्हा तांब्याच काढण्यासारखं, असं तिला वाटलं. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "अशी बसलेली नको गं आई. तू तुझं काम करत राहा, मी काढते."

नवसाबाई आणखी थोडा वेळ बसली. मग तिनं नथ काढून डबीत ठेवली, लुगडं बदललं आणि वाफ्याला पाणी धरायला गेली. छायानं तिचं पाठमोरं चित्र काढलं. चांगलं आलं होतं ते.

कोर्स झाला. सायखेड्याकडच्या एका शाळेत छायाला चित्रकलेची नोकरी लागली आणि तिथंच तिचं लग्नही झालं. शाळेत तिनं सरांची रीत सुरू केली. पोरं एकमेकांची चित्रं बघून आधी जिवंत काय ते सांगायची, मग एक खोट, मग उद्याचं. सुट्टीला माहेरी आली की बांधावर बसून आईला काढायची. कागदांचा गठ्ठा वाढत चालला होता. नवसाबाईनं तोंडाचा विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

अठ्ठ्याण्णवच्या मार्गशीर्षात, एका बुधवारी, नवसाबाई बाजारात पुढ्यातल्या टोपलीवर डोकं ठेवून शांत झाली. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली असेल. आता सांगा, नवसाबाई बाजारात डुलकी घेते हे कुणालाही खरं वाटायला हवं होतं का? दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. राहिलेल्या मेथीच्या जुड्या कुणीतरी ओल्या फडक्याखाली झाकून घरी आणून दिल्या.

दहाव्याला रामकुंडावर सगळे जमले. छाया बायकांत बसली होती, डोळे सुजलेले. समोर नाना म्हणजे पुंजाराम गुडघ्यावर वाकले होते, पाठ उघडी, मान गळालेली. आणि तिच्या लक्षात आलं की पदराखाली आपलं बोट मांडीवर चालतंय. कणा असा, वजन उजव्या गुडघ्यावर, डावा हात नुसता टेकलेला. स्वतःच्या बोटाची तिला इतकी किळस आली की तिनं ते दुसऱ्या मुठीत आवळून धरलं.

घरी आल्यावर मनोजनं, तिच्या धाकट्या भावानं, फोटोचं काढलं. तेराव्याला हार घालायला आईचा फोटो हवा. स्टुडिओवाला म्हणाला होता, कुठलाही बारकासा आणा, मोठा करून देतो. शोध सुरू झाला. नाना-आईच्या लग्नातला एकच फोटो, त्यात पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. ओळखपत्राचे फोटो काढायला गावात माणसं आली, त्या दिवशी ती बाजारात. राहता राहिला मनोजच्या लग्नाचा अल्बम. पण वरमायनं लेकाचं लग्न लागताना बघायचं नसतं, म्हणून मंगलाष्टकांच्या वेळी ती आत कोठीघरात बसून होती. बाकीच्या फोटोंत ती कुठं आहेराच्या ताटामागं, कुठं कुणाचं पोर उचलायला वाकलेली. जेवणाच्या पंगतीत एकदा सापडली, तर दिव्याचा झोत येताच तिनं पदर पुढं ओढलेला. वाढायला हात मोकळा पाहिजे म्हणून तो नेहमी मागं असायचा, नेमका तेव्हाच पुढं.

मग सगळ्यांच्या नजरा छायाकडं वळल्या. वळणारच.

"ताई, तू एवढी काढलीयेस तिला," मनोज म्हणाला. "त्यातलंच एक दे ना."

छायानं गठ्ठा सोडला. कागदच कागद ओट्यावर पसरले. वाकलेली आई, धुणारी आई, जुडी बांधणारी, टोपली उचलणारी, जाणारी, जाणारी, जाणारी. आणि प्रत्येकीच्या मानेवर एक कोरं अंडं. मनोज एकेक कागद उचलून बघत राहिला.

"एवढ्यात एकसुद्धा तोंड नाय, ताई?"

तो रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दार लोटून बसली. खोडरबर घेतला, जो तिनं वर्षानुवर्षं हातात धरला नव्हता. आईचे कान आले. हनुवटीवरचं गोंदण आलं. नथ तर मोत्यामोत्यानं आली. पण मधला चेहरा काही येईना. आई कशी कलते, कुठला पाय आधी टाकते, हे तिचा हात झोपेतही सांगू शकला असता. आईचे डोळे कसे होते म्हटलं की तो जागच्या जागी थांबायचा. कागदावर कागद फाटले. शेवटी तिनं मावशीला, शकुबाईला, समोर बसवलं. दोघी सख्ख्या बहिणी, तोंडावळा सारखा. शकुमावशीनं डोळे पुसत पुसत बसून दिलं. चित्र पुरं झालं. अंगावर काटा यावा इतकं नीटनेटकं झालं.

"हुबेहूब!" आल्यागेल्यानं म्हटलं. "जणू आता बोलंल!" छान छान, छान छान. कुणाला माठ भरायला पाठवणार होती ती? दुःखाच्या घरात माणसं खोटं बोलतात ते चांगुलपणानं, पण त्या चांगुलपणानं तिचा जीव घुसमटला. नानांनी चौकटीत बसवलेल्या चित्राकडं एकदा बघितलं आणि खुरपं घेऊन वाफ्यात गेले. चित्राला हार घातला गेला. ते भिंतीवर चढलं आणि तिथंच राहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत छाया सटाण्याला गेली. देवरे सरांचा एक पाय आता ओढल्यासारखा चालत होता, पण छत्री काखेतच होती. तिनं भिंतीवरची चौकट काढून आणली होती, गठ्ठाही आणला होता. सरांनी ते सगळं अंगणात मांडायला लावलं. गोटे स्वतः वेचून आणले. चप्पल काढली. आधी गठ्ठ्यातल्या चित्रांभोवती सावकाश फिरले, मग चौकटीपाशी आले.

"नथ चांगली शे," ते म्हणाले. जिवंत काय ते आधी सांगायचं, ही रीत.

छाया वाट बघत राहिली.

"खोट एकच आहे, पोरी. ही बाई थांबलेली आहे. तुझ्या आईला मी घाटावर पाहिलंय. ती कधी थांबलेली मला दिसली नाही."

"सर, एकदा थांबली होती ती," छाया म्हणाली, आणि तिला पुढं बोलवेना. नथ घालून, हात मांडीवर ठेवून, ओट्यावर. ती ढसाढसा रडली. सर तिच्या शेजारी मातीत बसून राहिले.

रडं आवरल्यावर तिनं विचारलं, "मग उद्या काय करू, सर?"

तिसरा भाग राहिला होता. सरांनी एक गोटा उचलला, पुन्हा जागेवर ठेवला. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पोराला उद्याचं काहीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांना काही सुचलं नाही. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाले. पुढच्याच वर्षी सर गेल्याची बातमी तृप्तीच्या फोनवरून कळली.

त्यानंतर छायानं शाळेत फळ्यावर काय काढलं असेल तेवढंच. बांधावर बसणं संपलं. गठ्ठा माहेरच्या माळ्यावर पडून राहिला. मळ्याच्या कडेनं बंगले उठले, झेंडूचे वाफे आक्रसले, मनोज भाजी घेऊन मोटरसायकलवरून बाजारात जाऊ लागला.

आणि नानांचं डोकं हळूहळू विझत गेलं. आधी चष्मा विसरायचे, मग जेवण झालं की नाही ते, मग मनोजलाच विचारायचे, "आपण कोणाचे?" भिंतीवरच्या चौकटीकडं बघून म्हणायचे, "शकू कवा आली? च्या दिला का तिला?" सुनेला हसू यायचं. छायाला यायचं नाही. इतक्या वर्षांत त्या चित्राचा खरा दोष घरात फक्त ह्या एका माणसानं सांगितला होता, आणि तोही भान हरपल्यावर.

दोन हजार सहाच्या दिवाळीत छाया माहेरी होती. नाना सकाळपासून बेचैन, सारखे उठून फाटकाशी जायचे. काहीतरी हातात द्यावं म्हणजे बसतील, म्हणून तिनं माळ्यावरचा गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि त्यांना ओट्यावर बसवून एकेक कागद मांडीवर ठेवू लागली. नाना कागद बघायचे, बाजूला सारायचे. मग घाटाच्या पायऱ्यांचा तो कागद आला. कमरेवर रिकामी टोपली, अंग उजवीकडं कललेलं, पदर खोचलेला.

नानांचा हात थांबला. विझलेल्या डोळ्यांत एकदम कुणीतरी वात सारली.

"अगं ए!" त्यांनी हाक मारली.

मळ्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या जोरात. मनोजची बायको आतून धावत आली. छायानं तिला हातानंच थांबवलं. नाना कागदाकडं बघत होते.

"अगं ए! हिकडं!"

मग जरा वाट बघून, आजूबाजूला कुणी नाही ना असं बघून, लाजल्यासारखे, अगदी हळू म्हणाले, "नवसा."

उभ्या जन्मात त्यांनी ते नाव घेतलेलं छायानं ऐकलं नव्हतं.

"वळत का नाय गं ही?" त्यांनी तिला विचारलं. "माझ्या हाकंला वळती ती."

छायाला सर आठवले, भिंतीला टेकवलेली छत्री आठवली. जमलं होतं. सगळं जमलं होतं, तिचं वळणं एवढंच राहिलं होतं.

"बाजारात लय कालवा हाय, नाना," ती म्हणाली. घरची बोली कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडात आली. "ऐकू गेलं नसंल. वळंल आता."

"मग थांबतो," नाना म्हणाले.

दोन्ही हातांनी कागद मांडीवर धरून ते बसून राहिले, मान जराशी पुढं, ओठ अर्धवट उघडे. चेहरा सगळा त्या पाठीकडं लागलेला. छायानं डोळे पुसले. गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद ओढला, मनोजच्या पोराच्या दप्तरातली पेन्सिल मागून घेतली. नाना थांबले होते, हलत नव्हते. तिनं त्यांच्या पापण्यांपासून सुरुवात केली.